बमरोलीत उभ्या जागी धावणारी गाडी

सुरतेहून परत आलेले लोक तिथल्या खाण्याबद्दल बोलतात. मी तिथे तीन दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ एका उघड्या बॉनेटसमोर उभी होते. त्यामुळे ज्यांना खाण्याचं वर्णन हवं आहे त्यांनी रविवार सकाळपर्यंत कळ काढावी. तिथे लोचो आहे, पण तोही गार झालेला.

गाडी माझीच. म्हणजे माझी होती. वीस वर्षांची पांढरी हॅचबॅक, मुलाने नवी घेतल्यापासून नाशिकला आमच्या दारात धूळ खात उभी असलेली. गेल्या भाऊबीजेला मी ती धाकट्या भावाला, भिकाला, देऊन टाकली. भाऊबीजेला भावाने बहिणीला द्यायचं असतं, बहिणीने भावाला नव्हे, म्हणून तो दोन महिने नाही नाही म्हणत होता. शेवटी मी चावी त्याच्या खिशात कोंबली.

भिका आमच्या धुळ्याकडचा, पण अठ्ठावीस वर्षं सुरतेत, बमरोलीला, कापडाच्या लूमवर. तिथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्याचं खातं आता कडोदऱ्याला हललं, रोज तिकडे जाणं त्याला जमेना, म्हणून त्याने दुसरं काम ठरवलं. चाळीतल्या पाच मुलांना या गाडीतून शाळेत सोडायचं आणि आणायचं. सोमवारपासून. मुलांच्या आया-बापांशी बोलणं झालेलं, मुलांना कोण कुठे बसणार तेही सांगून झालेलं. अशात त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, मला फोन आला. "आक्का, गाडी आपली आपणच पळस." म्हणजे आपोआप पळते. मी बॅग भरली.

शुक्रवार

स्टेशनाबाहेर दोघं मला न्यायला आली होती. मी मागे बसले. पुढे भिका गाडी चालवायला आणि शेजारी सुनंदा. सुनंदाच्या हातात एक दोरी होती. लूमवर असते तसली, चिवट, पिवळट. दोरीचं दुसरं टोक खाली कुठेतरी गेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

भिका काही बोलला नाही. मागून त्याला काही विचारलं की तो बोलतच नाही. ही त्याची जुनी खोड. फोनवरही तसंच, आपलं आपण बोलत सुटतो आणि माझं बोलणं आलं की "हा, हा" म्हणून फोन सुनंदाकडे देतो. मी याला आगाऊपणा म्हणत आले आहे.

गाडी सुरू झाली आणि मला वाटलं की याने पाय दाबून ठेवला आहे. इंजिन नुसतं उभ्या उभ्या ओरडत होतं. बाजूच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. भिका मात्र शांत. निघालो, पहिलं वळण आलं, त्याने पाय काढला तरी गाडीचा वेग कमी होईना. मग तो ओरडला, "वढ!"

सुनंदाने दोरी ओढली. खाली अॅक्सिलरेटरचं पेडल टक् करून वर आलं आणि गाडी थोडी शहाण्यासारखी झाली.

मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. बमरोलीपर्यंत "वढ" अकरा वेळा झालं. मी मोजलं, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सुनंदा दोरी ओढता ओढता मला धाकट्याची परीक्षा, पाण्याची टाकी, शेजारणीचं ऑपरेशन असं सगळं सांगत होती. तिला या गाडीत काही चुकीचं आहे असं वाटेनासं झालं होतं. दोन आठवड्यांत माणूस कशालाही सरावतो.

घरी पोचल्यावर मी आधी पायाखालची चटई काढून बघितली. आपल्याकडे निम्म्या वेळा पेडल चटईत अडकतं. चटई सरळ होती, शिवाय सुनंदाने ती जुन्या साडीच्या काठाने शिवून घेतलेली. मग मी हाताने पेडल दाबलं आणि सोडलं. ते आळसावलेल्या माणसासारखं सावकाश वर आलं आणि मधेच थांबलं.

"भिका, पेडल अडकतंय. आणि उभ्या उभ्या रेस वाढलेली आहे. ही दोन दुखणी आहेत. गॅरेजला दाखव."

मी समोर उभी राहून बोलले म्हणून त्याने उत्तर दिलं. "कसाले गॅरेज, आक्का? मशीन शे. मशीनले तेल लागस."

मी नाशिकला तीस वर्षं राहूनही अहिराणी विसरलेली नाही, पण रागावते मराठीतच. त्या संध्याकाळी बरंच मराठी बोलले.

शनिवार

तेल त्याने आधीच घातलेलं होतं. एकदा नव्हे, रोज. पेडलपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकातून थेंब थेंब सोडायचं, लूमच्या खटक्यांत सोडतात तसं. अठ्ठावीस वर्षं ज्याने रोज सकाळी यंत्राला तेल दाखवलं, त्याचा हात गाडीशी वेगळा कसा वागेल? तेल कुठलं, हे विचारलं तर मला दाखवायलाच घेऊन गेला.

चाळीमागे त्याच्या जुन्या सोबत्याचं खातं आहे. मी लूमचं खातं कधी आतून पाहिलं नव्हतं, म्हणून सांगते. दारातच आवाज अंगावर येतो. दोन मिनिटांत माझं डोकं बधिर झालं. शेजारी उभ्या माणसाच्या तोंडाशी कान नेला तरी ऐकू येईना. आणि तिथे सगळे मजेत गप्पा मारत होते. ओठ हलवायचे, दोन बोटं दाखवायची, भुवई उडवायची, की समोरचा हसतो आणि उत्तर देतो. भिका तिथे माझ्या घरी असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलका होता. पंधरा हातांवरच्या माणसाशी त्याचा काही विनोद झाला, तो मला कोणी सांगितला नाही.

तेल जाड, काळपट पिवळं. डब्याच्या कडेला सुताचे तंतू चिकटून तिथे लोकरीसारखी झालर झाली होती. माझ्या मनात शंका आली, पण ती तिथे बोलणार कोणाला?

दुपारी मी त्याला ओढूनच कनुभाईंच्या गॅरेजला नेलं. कनुभाई साठीचे, चष्मा कपाळावर. सुरतेत दुपारच्या जेवणाच्या आड कोणी येऊ नये, हे मला माहीत नव्हतं. आम्ही पावणेएकला पोचलो. कनुभाईंनी बॉनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बेन, आ तो आखी थ्रोटल बॉडी बदलवी पडशे." म्हणजे हवेचा पडदा उघडझाप करणारा अख्खा भागच बदला.

"उघडून न बघताच?"

"जमीने आवो, पछी जोईए." जेवून या, मग बघू. आणि शटर अर्धं खाली. नाशिकला गॅरेजवाला जेवताना एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पाना धरतो. इथे जेवण म्हणजे जेवण. मला एरवी ते आवडलं असतं.

कनुभाई बॉनेटमध्ये डोकं घालून भिकाला बरंच काही सांगून गेले होते. भिकाने प्रत्येक वाक्याला मान हलवली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले ते?" तर म्हणाला, "काही नही, तेल टाका म्हणे." मला हसावं की रडावं कळेना.

परत निघालो तेव्हा सुनंदा सोबत नव्हती. दोरी माझ्या हातात आली. मी एकोणसाठ वर्षांची, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि भर दुपारी सुरतेच्या रस्त्यावर एका पेडलची दोरी धरून बसले होते. एका चौकाजवळ समोर हातगाडी आडवी आली, तिच्यावर कापडाचे ताके रचलेले. भिकाने पाय काढला. इंजिन तसंच पळत राहिलं.

"वढ!"

मी ओढली. दोरी सुटून माझ्या मांडीवर आली. मी ओरडले, "ब्रेक, भिका, ब्रेक!" त्याने ब्रेक दाबलाच होता, पण इंजिन पुढे रेटतच होतं. मी हात घालून चावी मागे फिरवली. गाडी एक आचका देऊन थांबली. हातगाडीवाल्याचा गुडघा आणि आमचा बंपर यांच्यात एक वीत जागा राहिली होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, एकही शिवी दिली नाही आणि हातगाडी ढकलत निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी भिकाचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि सांगितलं, "सोमवारी या गाडीत पाच लेकरं बसणार आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत ही नीट झाली नाही तर मी ती ट्रकवर घालून नाशिकला नेणार. तुझं काम बुडालं तरी चालेल."

त्याने मान खाली घातली. या वेळी त्याला नीट कळलं होतं.

रविवार

रविवारी सकाळी सुरत नाश्त्याला बाहेर पडते. घरात चूल पेटवणं जणू कमीपणाचं असावं इतकी गर्दी प्रत्येक ठेल्यावर. सुनंदाने लोचो आणला. डाळीचं वाफवलेलं मऊ पीठ, आकार बिघडलेला, वरून तेल, मसाला, शेव, कांदा. मी पहिला घास घेतला आणि दारात कनुभाई उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. आदल्या दिवशी दुपारनंतर मी एकटी परत त्यांच्याकडे गेले होते आणि हातगाडीची गोष्ट सांगितली होती. रविवारी मी हात लावत नाही, असं म्हणाले होते. पण आले. लोचो तसाच राहिला.

"बेन, एक एक करीने जोईए," ते म्हणाले, म्हणजे एकेक करून बघू. काल न बघता सांगितलेलं आज त्यांनी मागे घेतलं, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं.

त्यांनी आधी केबल इंजिनच्या बाजूने सोडवली. इंजिनवरची छोटी चकती बोटाने फिरवून सोडली की ती चटकन मागे जात होती. म्हणजे ती बिचारी चांगली होती. मग केबलचं टोक धरून ओढलं, तर आतली तार चिकटलेली. त्यांनी तार बाहेर काढली आणि मला दाखवली. काळं, घट्ट, केसाळ. रोजच्या तेलात सुताचे तंतू अडकत अडकत केबलच्या नळीत त्यांचा जाड नमदा झाला होता.

"या केबलला तेल नको असतं," कनुभाई माझ्याशी हिंदीत म्हणाले. "आणि दोरीचं काय? दोरीने पेडल वर येतं, पण चिकटलेली तार मागे ढकलली जात नाही. कधी चालेल, कधी नाही."

मी भिकाकडे बघितलं. तो तार हातात घेऊन बोटांनी चाचपत होता. त्याने वाईट काही केलं नव्हतं. तेल देऊन देऊनच त्याने ती आजारी पाडली होती.

कनुभाईंनी पिशवीतून नवी केबल काढली आणि बसवली. पेडल खट् करून वर येऊ लागलं. सुनंदाने दोरी गुंडाळून कमरेला खोचली. मी हुश्श केलं. मग गाडी सुरू केली आणि इंजिन पुन्हा तसंच ओरडू लागलं.

आता मात्र माझा धीर सुटला. पेडल मोकळं, केबल नवी, तरी ही बया उभ्या जागी धावते! कनुभाईंनी एकेक रबरी नळी चिमटीत दाबून पाहिली, कुठून हवा शिरते का म्हणून. शिरत नव्हती. आतला पडदा फडक्याने पुसला, काजळी निघाली, पण फरक नाही. साडेअकरा झाले. चाळीतले लोक आपापल्या खुर्च्या घेऊन बघायला बसले होते, त्यात उद्या गाडीत बसणाऱ्या पाचातल्या दोघांच्या आयाही. कनुभाईंनी चष्मा खाली ओढला आणि उभ्या गाडीची रेस ठरवणाऱ्या एका स्क्रूवर बोट ठेवलं. त्याच्या खाचेत ताजा चकचकीत ओरखडा होता.

"आ कोणे फेरव्यो?"

कोणी फिरवला, हा प्रश्न त्यांनी भिकाला केला होता. भिका केबलच बघत होता. सुनंदा म्हणाली, "त्यासनीच. गाडी उनी त्याच आठवड्यात. म्हणे सारखी बंद पडस."

"बंद पडायची?" मला नवल वाटलं. वीस वर्षांत ही गाडी उभी असताना कधी बंद पडली नव्हती.

"माले तं चालूच वाटे," सुनंदा म्हणाली. "पण ते म्हणेत, बंद पडनी, आणि परत चावी फिरवेत."

कनुभाईंनी स्क्रू थोडा थोडा मागे घेतला. इंजिनचा आरडाओरडा खाली आला, आणखी खाली, आणि शेवटी ते माझ्या ओळखीच्या आवाजात बारीक गुणगुणू लागलं. आमच्या दारात सकाळी मुलगा गाडी काढायचा तेव्हा स्वयंपाकघरात यायचा तो आवाज. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली.

भिकाने वर पाहिलं. सगळे हसत होते म्हणून तोही हसला. मग त्याने बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "बंद पडनी का?"

तो गाडीत बसला आणि त्याने चावी फिरवली. चालू इंजिनवर स्टार्टर घासल्याचा जो कर्कश आवाज येतो, तो सगळ्या चाळीने ऐकला. खुर्चीतली एक बाई दचकून उठली. भिकाने चावी अजून एकदा फिरवली.

कनुभाई त्याच्या मागच्या दाराशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "भीकाभाई." मग थोडं मोठ्याने, "भीकाभाई." भिका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता.

मला एकदम सगळं दिसलं. मागच्या सीटवरून विचारलेलं. फोनवरचं "हा, हा". बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलेलं. लूमवर तळहात ठेवला की लूम चालतोय की थांबलाय हे कळतं, तसंच त्याने गाडीचं केलं होतं. हाताला थरथर लागेपर्यंत स्क्रू फिरवत गेला होता. आणि मी, त्याची मोठी बहीण, इतकी वर्षं त्याला आगाऊ म्हणत होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी काही वेळ त्याच्या समोर जाऊ शकले नाही.

गेले शेवटी. दार उघडून पायाशी उकिडवी बसले म्हणजे माझं तोंड त्याला दिसेल. "भिका, गाडी चालू आहे."

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. मग चावीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याला मी कशाबद्दल विचारते ते कळलं. "खात्यावरून घरी उनू का बठं, सगळंच गप वाटे," तो म्हणाला. "माले वाटे, घर गप शे."

सुनंदा दोन पावलं मागे उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला. इतक्या वर्षांत तीही त्याच्याशी मोठ्यानेच बोलत आली होती, तिथे सगळेच मोठ्याने बोलतात.

कनुभाईंनी बॉनेट लावलं. हात पुसून पिशवी उचलली आणि मला एवढंच म्हणाले की गाडी आता एकदम बराबर आहे. दोन खुर्च्यांवरच्या आया मान खाली घालून बसल्या होत्या. उद्या त्यांची मुलं कोणाबरोबर पाठवायची, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि तो भिकासमोर विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती. माझीही नव्हती. शनिवारी मी काय ऐटीत म्हटलं होतं, गाडी नीट झाली नाही तर नेणार. गाडी तर नीट झाली होती.

भिका उतरला. चावी काढून त्याने ती माझ्या हातात दिली. मग चप्पल घातली आणि म्हणाला, "चाल, आक्का. पाची घरे सांगी येऊत."

पाचही घरं त्याच चाळीत, दोन त्याच आयांची. त्या घाईघाईने आपापल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, जणू काही त्यांनी काही पाहिलंच नाही. प्रत्येक दारात भिका स्वतः बोलला. मी मधे पडले नाही. "माले आयकू येत नही. मांगून पोऱ्या रडना तरी माले समजाव नही. आते नको." मग हात जोडायचा. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं, कानाला यंत्र बसतं का बघायचं, हे मीच जोडत गेले. कोणी त्याला वाईट बोललं नाही. एका घरी आम्हाला पाणी दिलं, एका घरी बळेच बसवलं.

पाचवं घर चाळीच्या टोकाला. तिथली बाई चुलीपुढे होती, पाठमोरी. भिकाने दारातूनच आपलं सांगून टाकलं. तिने वळून न बघता, भाकरी थापता थापता काहीतरी लांबलचक उत्तर दिलं.

भिका उंबऱ्यात उभा राहिला. एरवी त्याने मान हलवली असती आणि निघाला असता. तो माझ्याकडे वळला.

"ती काय सांगी राहिनी?" त्याने विचारलं.

ती म्हणत होती की पोरगं तुमच्याच गाडीची वाट बघतंय, महिनाभर रिक्षाने जाईल, मग तुम्हीच न्या. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.